उसवलेली गोधडी

१

गोदा सापडली ती धान्याच्या रिकाम्या कणगीत.

१९४४ सालच्या पौषातली दुपार होती. कडावच्या आबाजी पाटलांची पुतणी, चार वर्षांची गोदा, जेवणं झाली आणि दिसेनाशी झाली. माणसं विहिरीत उतरली, पेंढ्याच्या उडव्या पालथ्या झाल्या, अर्धा गाव हाका मारत ओढ्याकाठी गेला. शेवटी गोदाची आई इंदूबाई माजघरामागच्या कोठीत शिरली, थेट कोपऱ्यातल्या कणगीपाशी गेली आणि तिनं झाकण उचललं. आत घोंगडीवर पोर बसलेली, तोंडात गुळाचा खडा.

"कुनी ठेवलं गं तुला हितं?" माणसं विचारू लागली. पोर काही बोलेना. तेवढ्यात दारात तिची काकी सोनाबाई येऊन उभी राहिली, आणि सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

कारण त्या घरात तीन महिने असंच चाललं होतं. दिवाळीत गोदाची चिंध्यांची बाहुली चुलीत जळालेली सापडली. मग तिच्यासाठी केलेल्या खरवसात कुणीतरी राख कालवली. मग तिचं नवं पोलकं कापलं गेलं, मग तिची गोधडी. आणि आता खुद्द पोर. सोनाबाई आबाजींची बायको. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. धाकट्या जावेची लेक तिला बघवत नाही, हे गावानं कधीच ठरवून टाकलं होतं.

आठच दिवसांत आबाजींनी कर्जतच्या कोर्टात अर्ज दिला. बायको वेडी आहे, तिच्यापासून लेकराच्या जिवाला धोका आहे, तिला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडावं. सोबत एका सरकारी आणि एका खाजगी डॉक्टरांचा, असे दोन दाखले होते.

सोनाबाईची आई अंबाबाई कळंबहून पायी चालत कर्जतला आली आणि गजानन टिपणीस वकिलांच्या ओटीवर बसली. असल्या अर्जांत वेड्या ठरवलेल्या माणसाच्या बाजूनं उभा राहणारा तालुक्यात हा एकच वकील होता. आजवर त्यांनी सात जणांची कामं चालवली होती आणि पाच हरले होते. या कामातली गोम त्यांना पुरती ठाऊक होती. अशिलानं आरडाओरडा केला तर वेडा, गप्प बसला तर वेडा, आणि मी शहाणा आहे म्हणाला तर सगळ्यांत जास्त वेडा.

"आता माझं वय झालं, अंबाबाई," ते म्हणाले. "पनवेलला दुसरं कुणी बघा."

"बघते, दादा," म्हातारी उठली. "समोर मोठा वकील हाय म्हनं, म्हनून तुमच्याकडं आलते. अलिबागचं सबनीस."

टिपणीसांनी हातातलं पान तबकात परत ठेवलं. "बसा," ते म्हणाले.

२

रघुनाथ सबनीस आणि टिपणीस पुण्यात वकिली शिकताना एका खोलीत राहिले होते. टिपणीस पहाटे उठून घोकत आणि सबनीस आठपर्यंत झोपे. पहिला नंबर सबनीसांचा आला. पुढं अलिबागला मोटार आली, बंगला आला. एवढं टिपणीसांनी तीस वर्षांत कसंबसं पचवलं होतं. पण त्यांची एकुलती एक लेक कुमुद मुंबईला एलएल.बी. झाली आणि घरी न येता सबनीसांच्या कचेरीत रुजू झाली, ते मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. "बाप कशाला?" ते बायकोला म्हणाले होते, "नावापुढं लावायला!"

निकाल लागेपर्यंत सोनाबाईला सरकारी दवाखान्यामागच्या एका खोलीत ठेवलं होतं. देखरेखीला चिंधी नावाची बाई होती. "येडी?" चिंधी दारातच टिपणीसांना म्हणाली. "सायेब, ती माजंच लुगडं शिवत बसल्ये, बगा."

सोनाबाई तिशी ओलांडलेली, उंच, हाताला काम नसलं की बावरणारी बाई होती. टिपणीसांनी तिला सरळ विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही केलंत का?"

"आधी नाय म्हनायची," ती सावकाश बोलली. "पन समदीच म्हनत्यात. घरधनी म्हनत्यात. मंग वाटाया लागलं, माज्याच हातनं होत असंल. झोपंत न्हाईतर कवा. मला मूल नाय ना, सायेब. पोटात काय साठलंय कुनाला ठावं?"

"गोदाचा राग येतो?"

सोनाबाईच्या हातातली सुई थांबली. "ती माज्याच कुशीत निजती वो," ती म्हणाली आणि मग विचारलं, "ठान्याला लई बांधून ठेवत्यात का?"

टिपणीस बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. स्वतःवरचा आरोप स्वतःच मान्य करणारं अशील आजवर त्यांना भेटलं नव्हतं.

३

त्यांनी मनाशी गुन्हेगार कधीच पक्का केला होता. आबाजी पाटलाला दुसरी बायको करायची असणार, आणि सबनीसांनी डॉक्टरला हाताशी धरून दाखला लिहवून घेतला असणार. हे खरं निघावं अशी त्यांची इतकी इच्छा होती की युद्धातल्या पेट्रोलटंचाईमुळं कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीत दोन तास हाडं खिळखिळी करून घेत ते खालापूरला गेले.

दाखला देणारे खाजगी डॉक्टर पोंक्षे साठीचे, साधे गृहस्थ होते.

"सबनीस तुम्हांला कधी भेटले?" टिपणीसांनी विचारलं.

"भेटले की. दाखला दिल्यावर आठ दिवसांनी. मलाच उलट झाडलंन. म्हणाले, बाईला एकदाच बघून दाखला कसा दिलात?"

टिपणीसांचा तर्क तिथंच कोसळला. "मग का दिलात?"

"अहो, बाई स्वतः म्हणाली, माझ्याच हातून होतंय. कबुलीपुढं मी काय करू?" डॉक्टर थोडे घुटमळले. "एक मात्र मला तेव्हा चमत्कारिक वाटलं होतं. ती पोर कणगीत सापडली ना, तेव्हा झाकण नीट बसलेलं नव्हतं. कडेला लाटणं सरकवलेलं होतं, वारा आत जावा म्हणून. आबाजीच म्हणाला. पोरीला मारायला निघालेलं माणूस असं करील का?"

"हे दाखल्यात का नाही लिहिलंत?"

"मला कुणी विचारलं नाही."

४

कडावला पाटलांच्या ओटीवर टिपणीसांना पाणी मिळालं, पण 'बसा' कुणी म्हटलं नाही. आबाजी खांबाला टेकून उभे होते. हा माणूस रुबाबदार, पण डोळ्यांखाली काळं आलेलं.

"दुसरं लग्न करायचंय का, पाटील?" टिपणीसांनी थेट विचारलं.

"करायचंच असतं तर कोर्टात कशाला आलो असतो?" आबाजी म्हणाले. "दुसरी आनायला मला कोन अडवतोय? चौदा वर्सं आय मागं लागलेली, मरस्तवर. मी नाय म्हनलो. बायकोलाच इचारा." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पोरीला काय झालं असतं, सायेब, तर मी भावाला काय तोंड दाखवलं असतं?"

तो भाऊ, मालोजी, मुंबईला गोदीत कामाला होता. महिन्यातून एकदा तो घरी यायचा. बाहुली जळाली आणि खरवस नासला, त्या दोन्ही वेळी तो मुंबईत होता आणि त्याची हजेरी गोदीच्या बुकात होती. आता रजा घेऊन आला होता आणि अंगणातल्या काथ्याच्या खाटेवर मान खाली घालून बसला होता. "वयनी अशी नव्हती," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

इंदूबाई स्वैपाकघराच्या उंबऱ्यात आली. गोरी, नीटनेटकी, कडेवर गोदा. पोर सारखी दाराकडं बघत होती.

"काकी कवा येनार?" पोरीनं टिपणीसांनाच विचारलं.

इंदूबाईनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आता बगा," ती हसत म्हणाली, पण हसू ओठांवरच राहिलं. "जेवताना काकी, निजताना काकी, न्हाताना काकी. येडीनं कसलं येड लावलंय पोरीला. आय कशाला? भाकऱ्या थापाया!"

"कणगीत आहे हे तुम्हांला कसं सुचलं, बाई?"

"आयच्या जिवाला कळतं, सायेब."

खाली वाकून त्यांनी गोदाकडं पाहिलं. कणगीत कुणी ठेवलं, एवढं विचारलं असतं तर पोरीनं कदाचित उत्तर दिलं असतं. तो प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता. पण समोर चार वर्षांची पोर आणि तिच्याभोवती आवळलेला तो हात दिसला, आणि प्रश्न न विचारताच ते ओटीवरून उतरले.

परतीच्या बैलगाडीत 'आय कशाला' हे दोन शब्द त्यांच्या कानांत कुसळासारखे खुपत राहिले. का खुपतात, ते मात्र त्यांना सांगता येईना.

५

पुराव्याचं गाठोडं कोर्टाच्या दप्तरखान्यात होतं. आबाजींनी गोधडी सापडली तशी फडक्यात बांधून ठेवली होती आणि अर्जाबरोबर हजर केली होती. तेव्हापासून गाठ कुणी सोडली नव्हती.

टिपणीस दप्तरखान्यात शिरले तर टेबलापाशी कुमुद बसलेली.

"अण्णा!" ती उठून उभी राहिली. "सबनीसकाकांनी पाठवलंय. दोन्ही बाजूंनी एकत्रच बघावं म्हणाले."

लेक वाळली होती, पण डोळे लकाकत होते. टिपणीसांनी "हं" म्हणून खुर्ची ओढली. कारकुनानं गाठ सोडली आणि गोधडी टेबलावर पसरली.

"चिंध्या झाल्यात म्हणे," टिपणीस पुटपुटले.

"चिंध्या कुठं आहेत?" कुमुद वाकून बघत होती. "हे कापलेलं नाही, अण्णा. उसवलंय. टाका न् टाका सुईनं काढलाय. मधले नऊ तुकडे तेवढे गेलेत, बाकी गोधडी शाबूत. हिरवे तुकडे बघा, कसे जपून सोडलेत, एक धागा निघालेला नाही." आणि मग सहज बोलून गेली, "सबनीसकाका म्हणतात, आधी वस्तू बघावी, माणूस मग."

बघण्याची ही नजर या पोरीला त्यांनी दिली होती. सात वर्षांची होती तेव्हा मांडीवर घेऊन तिला ते कागदावरचे शिक्के ओळखायला शिकवत. आणि आता ती 'काका म्हणतात' म्हणते! त्या क्षणी त्यांना वाटलं, या पोरीच्या अंगावर सबनीसचं म्हणून जे जे असेल ते ते खरवडून काढावं. पोरीला धक्का न लावता तेवढंच काढून टाकावं.

त्यांचा हात गोधडीवरच थांबला.

हिरवे तुकडे शाबूत. गोधडी शाबूत. कुणा एकाचं तेवढं काढून टाकलेलं.

कुमुदनं जीभ चावली होती. आपण विरुद्ध बाजूच्या वकिलापुढं बोलून गेलो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. "मला हे काकांना सांगावं लागेल," ती हळूच म्हणाली.

"सांग," टिपणीस म्हणाले. गोधडी कुणी उसवली, ते त्यांना कळलं होतं. कारण अगदी असंच एक काम दिवाळीत त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं.

६

मॅजिस्ट्रेटांनी काम आपल्या खोलीतच घेतलं. सोनाबाई आईला बिलगून भिंतीशी उभी होती. पलीकडं पाटील मंडळी आणि डॉक्टर पोंक्षे. टेबलाच्या एका बाजूला सबनीस आणि त्यांच्या मागं कुमुद.

"गजानन, बरा आहेस?" सबनीस मोकळेपणानं म्हणाले.

"ठीक आहे मी. तुम्ही?" टिपणीसांनी 'तुम्ही'वर जोर दिला.

मग ते सोनाबाईकडे वळले. "बाई, गोधडी तुम्ही फाडलीत?"

"फाडली असंल, सायेब."

"फाडलेली तुम्ही पाहिलीत?"

"नाय. घरधन्यांनी बांधून नेली. मी परसात होते."

"कशानं फाडलीत?"

सोनाबाई गोंधळली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, डॉक्टरांकडं पाहिलं. "कोयत्यानं असंल," ती म्हणाली. "तोडून चिंध्या केल्या असतील समद्या."

टिपणीसांनी गोधडी टेबलावर पसरली. खोलीतली माणसं पुढं वाकली.

"साहेब, कोयता हिला लागलेलाच नाही. सुईनं टाका टाका उसवून नऊ तुकडे काढलेत. बाईंची कबुली ही अशी आहे. तीन महिने घरानं सांगितलं, तिनं मानलं. पण प्रत्यक्ष काय घडलं ते तिला ठाऊकच नाही, कारण ते तिनं केलेलं नाही." ते अंबाबाईकडे वळले. "गोधडी कशाकशाची होती?"

"माजं जांभळं लुगडं, मी सोनीला दिलेलं," म्हातारी म्हणाली. "आनि हिरवं इंदूचं, लग्नातलं. सोनीनं मागून घेतलं, पोरीला आयच्या लुगड्याची ऊब पायजे म्हनून."

"जांभळा तुकडा यात दाखवा."

म्हातारीनं गोधडी उलटसुलट केली. जांभळा एकही नव्हता.

"बाहुली सोनाबाईंनी केलेली," टिपणीस म्हणाले. "खरवस त्यांनी केलेला. पोलकं त्यांनी शिवलेलं. जावेचा मत्सर करणारी बाई जावेचं हिरवं लुगडं कापील, की स्वतःचं जांभळं वेचून काढील? या घरात जे जे नासलं ते सगळं सोनाबाईंनी गोदाला दिलेलं होतं. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे घरातल्या पुरुषांना सांगता यायचं नाही. मालोजी दोनदा गावातच नव्हता. पाटलांना बायको घालवायची गरज नव्हती. आणि पोरीला कणगीत लपवताना जिनं झाकणाखाली लाटणं सरकवलं, खाली घोंगडी घातली, हातात गूळ दिला, तिला पोरीचा केस वाकडा व्हायला नको होता. तिला फक्त—"

"बास करा!" इंदूबाई ओरडली.

ती खालीच बसली. मालोजी तिच्याकडं परक्यासारखा बघत होता.

"पोरीला ताप आला," ती बोलू लागली, कुणाकडं न बघता. "दोन दीस मी उशाशी. डोळ्याला डोळा नाय. तिनं डोळं उघडलं आनि मला म्हनली, काकी. मी म्हनलं, मी आय हाय गं. तर रडाया लागली. काकी पायजे म्हनली. नऊ म्हैने मी वागवलं, कळा मी सोसल्या. हिला नाय मूल, तर माजं का घेती? समदं गाव हिला वांझ म्हनून हसतं, आनि माज्या घरात मीच वांझ!"

आबाजींचा चेहरा लाल झाला. "मंग येडी हीच! सायेब, अर्जावर हिचं नाव घाला. हिलाच धाडा ठान्याला!"

मॅजिस्ट्रेटांनी सबनीसांकडं पाहिलं. "तुमचे अशील काय म्हणतात, ऐकलंत?"

सबनीसांनी उत्तर देण्याआधी टिपणीस उठले.

"नाही, साहेब. ही बाई वेडी नाही. तिनं वाईट केलंय, त्याचा जाब तिचं घर तिला विचारेल, सोनाबाई विचारतील. पण मत्सर म्हणजे वेड नव्हे." "मला हे कसं कळलं, ते सांगतो. दिवाळीत माझ्या मुलीला एका गृहस्थांनी कायद्याचं पुस्तक भेट दिलं. पहिल्या पानावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. मुलगी पुस्तक घरी विसरली. मी ब्लेड घेऊन ते एक पान काढलं. बाकी पुस्तक तसंच जपून ठेवलं, कारण ते माझ्या मुलीचं होतं. पान चुलीत टाकलं. मत्सर हे वेड असेल तर ठाण्याला आधी मला धाडावं लागेल."

कुमुदकडं बघायचं धैर्य टिपणीसांना झालं नाही. सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा डोळ्यांवर ठेवला.

"आमचा अर्ज आम्ही मागे घेतो," ते म्हणाले. "दुसरा अर्ज मी कुणाच्याच नावे लिहिणार नाही."

७

कोर्टाच्या आवारात आबाजी बायकोपुढं उभे राहिले. पाटील असून त्यांची मान वर होत नव्हती. "चल, घरी जाऊ," ते म्हणाले.

"मी शहानी ठरले ना?" सोनाबाईनं विचारलं.

"ठरलीस की. सायेबांनीच सांगितलं."

"मंग शहान्या मानसावानी सांगते. मी कळंबला जाते, आयकडं. तुमी माज्या नावानं अंगठा उठवलात, तवा मला येकदा तरी इचारायचं हुतं." ती रडली नाही. "मला वाटंल तवा येईन. न्हाई वाटलं तर न्हाई."

आबाजी बाजूला झाले. तेवढ्यात इंदूबाई पुढं आली. पदर तोंडाशी धरलेला. "जाऊबाई," ती कशीबशी म्हणाली, "गोदा इचारंल. काय सांगू?"

सोनाबाई एक पाऊल पुढं आली. टिपणीसांना वाटलं, आता ही मारणार.

"सांग, काकी तिच्या आयकडं गेली," सोनाबाई म्हणाली. "मांडीवर घेऊन सांग. दुरनं सांगितलं तर ऐकायची नाय ती."

म्हातारीचा हात धरून ती फाटकातून बाहेर पडली आणि कळंबच्या रस्त्याला लागली.

सबनीसांची मोटार सुरू झाली होती. कुमुद तिच्याकडं निघाली, मध्येच वळली आणि वडिलांपुढं येऊन उभी राहिली. तिचे डोळे रागानं भरले होते. राग आणि दुसरंही काही त्यात होतं.

"ते पुस्तक माझं होतं, अण्णा."

"हो."

"असं पुन्हा करायचं नाही."

"नाही करणार."

"मी काम तिथंच करणार आहे," ती म्हणाली. "शनिवारी घरी येते. जेवायला."

मोटारीच्या खिडकीतून सबनीस इकडेच बघत होते. त्यालाही घेऊन ये, असं म्हणायला टिपणीसांनी तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण काही केल्या ते बाहेर पडेनात.

"लवकर ये," ते म्हणाले.